मोलेसरशास्त्र्यांचं गाव: एका दुर्मीळ इंग्रजी आडनावाचा माग

"मावशी, मोल म्हणजे किंमत. इंग्रजीत वर्थ म्हणजे पण किंमतच. मग या माणसाचं आडनाव म्हणजे दोनदा किंमत?"

भाची अकरावीत आहे. माझ्या टेबलावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा होता. पुण्याच्या शुभदा-सारस्वतने १९७५ साली काढलेलं १८५७च्या आवृत्तीचं ते पुनर्मुद्रण, बांधणी सुटल्यामुळे दोनदा चिकटवलेलं. मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे हा कोश दिवसातून दहा वेळा उघडतो. मराठी शब्द पाहण्यासाठी ज्याच्याकडे मी इतकी वर्षं जात होते, त्याच्या स्वतःच्या नावाचा अर्थ मी कधी पाहिला नव्हता. भाचीला मी म्हटलं, "थांब जरा, नीट शोधून सांगते." त्याला चार महिने लागले.

मराठी माणसांनी या नावाचं केव्हाच आपलं करून टाकलं होतं. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांना लोक 'मोलेसरशास्त्री' म्हणत. १७९५चा जन्म, पोरवयात कंपनी सरकारच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आलेला हा माणूस शब्द गोळा करत बसला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ आणि मराठी शास्त्रीमंडळी यांच्यासोबत त्याने १८३१ साली कोशाची पहिली आवृत्ती छापून आणली. त्याच्या घराण्याचा कुलवृत्तांत मला लिहायचा नव्हता. मला हवं होतं आडनाव: ते कुठे रुजलं, कोणत्या वाटेने पसरलं, आणि आज नकाशावर जिथे जिथे दिसतं तिथे ती माणसं खरोखर राहत होती का.

मूल नावाचा माणूस

इंग्लंडमध्ये मोल्सवर्थ नावाचं गाव आजही आहे. हंटिंगडन शहराच्या पश्चिमेला सोळा-सतरा किलोमीटरवर, जुन्या हंटिंगडनशर जिल्ह्यातलं, शेजारच्या नॉर्थॅम्प्टनशरच्या सीमेला टेकलेलं लहानसं खेडं. विल्यम राजाने १०८६ साली देशभरच्या जमिनींची जी मोजदाद करवली, त्या डूम्सडे बुकात ते 'मोलेसवर्दे' म्हणून आलं आहे. म्हणजे गाव आडनावापेक्षा जुनं. इंग्लंडमध्ये तेव्हा सामान्य माणसाला पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव नव्हतंच. आधी नॉर्मन सरदारांत आणि मग हळूहळू खाली झिरपत चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती पद्धत बहुतेकांपर्यंत पोचली.

गावाच्या नावाची फोड अभ्यासकांनी करून ठेवली आहे. पहिला भाग 'मूल' हे जुन्या इंग्रजीतलं पुरुषाचं नाव. मराठी कानाला इथे लेकरू ऐकू येतं, पण जुन्या इंग्रजीत मूल म्हणजे खेचर, आणि त्यावरून मिश्र रक्ताचा. नाव म्हणून ते खरंच वापरात होतं. वेसेक्सचा राजा कॅडवाला याच्या भावाचं नाव मूल होतं, आणि ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारलं अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. आपल्या गावाचा मूल तो नव्हे. तो एखादा शेतकरी असणार, ज्याच्या नावापलीकडे काही उरलेलं नाही. मधला 'स' हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या 'चा-ची-चे'सारखा. आणि 'वर्थ'चा किमतीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत वर्थ म्हणजे कुंपण घातलेली जागा, आणि पुढे त्या कुंपणातली वस्ती. केनिलवर्थ, टॅमवर्थ या गावांत हाच शब्द आहे. ज्या कवीच्या नावात आपल्याला शब्दांची किंमत ऐकू येते त्या वर्ड्सवर्थमध्येही हाच आहे.

हे वाचलं त्या रात्री मी कोशात 'वाडी' काढली. मोल्सवर्थने पहिला अर्थ दिला आहे तो कुंपण घातलेल्या कुरणाच्या किंवा बागायतीच्या तुकड्याचा. दुसरा अर्थ, शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका. शिवाय कोकणातलं गाव अशा वेगवेगळ्या वाड्यांचं कसं बनलेलं असतं, हेही त्याने तिथेच नोंदवून ठेवलं आहे. आधी कुंपण, मग वस्ती: 'वर्थ' या शब्दाचा प्रवास इंग्रज अभ्यासक अगदी याच क्रमाने सांगतात. आपल्याच आडनावाच्या उत्तरार्धाला मराठीत जो शब्द आहे, त्याची नोंद हा माणूस इतकी काळजीपूर्वक करत होता. मी ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसले होते.

गावात नसलेलं आडनाव

सुरुवातीला वाटलं की आता काम सोपं आहे. गाव सापडलं, म्हणजे गावात जुनी मोल्सवर्थ मंडळी सापडतील आणि तिथून वाट काढत पुढे जाता येईल. पण गावाच्या नावावरून पडलेली आडनावं अशी चालत नाहीत, आणि हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असेल! संगमनेरात राहणाऱ्याला कुणी संगमनेरकर म्हणत नाही. तो नाशकात किंवा पुण्यात जाऊन राहिला की संगमनेरकर होतो. इंग्लंडमध्येही 'दे मोल्सवर्थ', म्हणजे मोल्सवर्थचा, हे नाव पडलं ते गाव सोडलेल्या माणसाला. त्यामुळे अशा आडनावाचा शोध गावाच्या वेशीवर सुरू न करता वेशीबाहेर एका-दोन दिवसांच्या चालीवर करायचा असतो. एक अपवाद धरावा लागतो. गावचा जमीनदार गावातच राहूनही गावाचं नाव लावू शकतो, कारण त्याच्या बाबतीत ते नाव मालकी सांगतं.

त्या हिशेबाने मी नकाशावर गावाभोवती वर्तुळ काढलं. घराण्याची जुनी ठिकाणं म्हणून सरदारांच्या वंशावळींच्या पुस्तकांत दोन नावं येतात, हेल्पस्टन आणि फॉदरिंगे. फॉदरिंगे मोल्सवर्थच्या सरळ उत्तरेला सतरा-अठरा किलोमीटर. हेल्पस्टन त्याच दिशेला आणखी पुढे, एकूण तीस किलोमीटर. दोन्ही जुन्या नॉर्थॅम्प्टनशरमध्ये. एका बाजूला गाव, त्याच्या उत्तरेला दिवसाभराच्या अंतरावर त्याचं नाव लावणारी माणसं. अशा आडनावाकडून जी अपेक्षा करावी तेच चित्र इथे होतं.

त्या वंशावळींची सुरुवात मात्र मी पेन्सिलने लिहून ठेवली आहे, शाईने नाही. त्या सर वॉल्टर दे मोल्सवर्थपासून सुरू होतात. पहिल्या एडवर्डबरोबर, तो राजपुत्र असताना, हा वॉल्टर धर्मयुद्धाला गेला आणि पुढे बेडफर्डशर-बकिंगहॅमशरचा शेरीफ झाला, असं त्या सांगतात. शेरीफांच्या याद्या सरकारी असतात, त्यामुळे पद तपासता येतं. वॉल्टरपासून सोळाव्या शतकातल्या हेल्पस्टनकरांपर्यंत एकेक पिढी जोडणारी साखळी ही वेगळी गोष्ट. घराण्याला मोठेपण आलं की मागे एखादा धर्मयोद्धा हवासा वाटतो. आपल्याकडच्या वंशावळी ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना हे नवं नाही.

चेशरचा चकवा

इथे मी जवळजवळ फसले होते. वायव्य इंग्लंडमध्ये, चेशर जिल्ह्यात चेस्टर शहराजवळ, मोल्ड्सवर्थ नावाचं दुसरं गाव आहे. त्याच्या नावात फक्त एक 'ड' जास्त. त्याचं जुनं रूप 'मोल्डेवर्थ', आणि पहिल्या भागाचा अर्थ टेकडीचा माथा. म्हणजे शब्दच निराळा. पण बोलताना 'ल्ड्स'मधला 'ड' कुणाच्या तोंडी टिकणार? कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं की चेशरचा मोल्ड्सवर्थ कागदावर हंटिंगडनशरचा मोल्सवर्थ होऊन बसतो.

त्यात भर म्हणजे १३७७ ते १३८१ या काळात इंग्लंडमध्ये जो माणशी कर वसूल झाला आणि ज्याच्या याद्या आडनावांच्या अभ्यासाचा कणा मानल्या जातात, तो चेशरला लागू नव्हता. चेशरचा कारभार स्वतंत्र असे. त्यामुळे 'चौदाव्या शतकात चेशरमध्ये हे नाव आढळत नाही' असं म्हणणाऱ्याने आधी पाहावं की त्या शतकात चेशरची यादीच नाही. मी माझ्या टिपणांत तेव्हापासून एक रकाना वाढवला, 'नाव नाही' आणि 'कागद नाही' वेगळं लिहिण्यासाठी.

वायव्येत दुसरा चकवाही आहे. लँकेशरमधल्या रॉकडेल परिसरात 'वर्थ'ने संपणारी आडनावं पिकासारखी उगवलेली आहेत: बटरवर्थ, अ‍ॅशवर्थ, व्हिटवर्थ, हावर्थ. ही सगळी तिथल्याच वस्त्यांची नावं. त्याच रॉकडेलमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. हे नाव त्याच रांगेतलं, तिथलंच, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात जॉन एडवर्ड नॅसाऊ मोल्सवर्थ नावाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकात रॉकडेलचे व्हिकार, म्हणजे तिथल्या चर्चचे मुख्य पाद्री, होऊन आले, १८७७ साली मरेपर्यंत तिथेच राहिले, आणि नाव त्यांचं मागे उरलं. ते लंडनमध्ये जन्मलेले, घराणं आयर्लंडमधल्या शाखेचं. आडनावाची आणि प्रदेशाची शैली जुळते म्हणून दोघांचं मूळ एक, असं धरून चालता येत नाही.

कर्ज, लग्न आणि दोन वाटा

एलिझाबेथ राणीच्या काळात फॉदरिंगेला अँथनी मोल्सवर्थ राहत होता. ज्या फॉदरिंगेच्या गढीत १५८७ साली स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला, तेच हे गाव. घराण्यात सांगतात की एलिझाबेथचा वारंवार पाहुणचार करून अँथनी कर्जात बुडाला आणि त्याला जमिनी विकाव्या लागल्या. राणीच्या पाहुणचाराने बुडालेलं घर ही त्या काळच्या इंग्रज घराण्यांत पुन्हा पुन्हा भेटणारी गोष्ट आहे, त्यामुळे कारण मी गोष्ट म्हणूनच ठेवते. परिणाम मात्र नकाशावर दिसतो. इथून पुढे मोल्सवर्थ हे नाव आपल्या मूळ वर्तुळातून उठतं आणि दोन लांबच्या टोकांना जाऊन बसतं.

एक टोक कॉर्नवॉल. अँथनीचा धाकटा भाऊ म्हणून सांगितला जाणारा जॉन मोल्सवर्थ कॉर्नवॉलच्या डचीचा, म्हणजे तिथल्या ड्यूकच्या जहागिरीचा, हिशेबतपासनीस म्हणून तिकडे गेला, पेनकॅरोला स्थायिक झाला आणि बॉस्कॅसलच्या हेंडर घराण्यातल्या कॅथरीनशी त्याने लग्न केलं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात हे नाव पोचलं ते सरकारी नोकरीमुळे, आणि टिकलं ते लग्नातून आलेल्या जमिनीमुळे.

दुसरं टोक डब्लिन. अँथनीच्या वंशातला रॉबर्ट आयर्लंडला गेला, १६४०च्या दशकातल्या युद्धांच्या धामधुमीत व्यापार आणि जमीन यांत वर आला, आणि १६५६ साली वारला. त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर, त्याला मुलगा झाला. तोही रॉबर्ट. हा मुलगा पुढे डेन्मार्कच्या दरबारी इंग्लंडचा वकील होता आणि १७१६ साली उमराव होऊन व्हायकाउंट मोल्सवर्थ झाला. डब्लिनमधला मोल्सवर्थ स्ट्रीट याच घराण्याच्या जमिनीवरचा.

या दोन शाखा वेगळ्या कशा ओळखायच्या? दोन्हीकडे जॉन, विल्यम, रॉबर्ट यांची रेलचेल. इथे मला सगळ्यात उपयोगी पडलं ते आईच्या माहेरचं आडनाव. इंग्रज जमीनदारांत ज्या लग्नातून मालमत्ता आली त्या सासुरवाडीचं आडनाव मुलाला पाळण्यातलं नाव म्हणून देण्याची रीत होती. कॉर्नवॉलच्या शाखेत 'हेंडर' मोल्सवर्थ दिसतात. डब्लिनच्या शाखेत 'बिस' मोल्सवर्थ, कारण व्हायकाउंटची आई बिस घराण्यातली. एखाद्या कागदावर नुसता 'एच. मोल्सवर्थ' असला तर काहीच कळत नाही, पण 'हेंडर' लिहिलेलं असलं की तो पेनकॅरोच्या बाजूचा हे पहिल्या नजरेत समजतं. ज्या बायकांची नावं कागदोपत्री जेमतेम येतात, त्यांच्या माहेरानेच शेवटी मला वाट दाखवली.

हेंडर नावाचाच एक माग समुद्रापार नेतो, आणि तिथे पाय जड होतो. सर हेंडर मोल्सवर्थ जमैकात रॉयल आफ्रिकन कंपनीचा अडत्या होता, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या खरेदी-विक्रीत होता. १६८०च्या दशकात तो तिथला प्रभारी गव्हर्नर झाला आणि १६८९ साली त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. कॅरिबियन बेटांवर गुलामीत ठेवलेल्या माणसांना मालकाचं किंवा मुकादमाचं आडनाव चिकटलं, आणि सुटकेनंतरही ते त्यांच्या मुलानातवंडांकडे राहिलं. म्हणून त्या बेटांवर एखादं इंग्रजी गावनावाचं आडनाव दिसलं की सरळ रेघ मारून ते इंग्लंडमधल्या खेड्याशी जोडू नये. ते रक्ताने गेलं की मालकीने, हे प्रत्येक घरासाठी वेगळं पाहावं लागतं, आणि मालकीने गेलं असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं.

नकाशा फुगवून सांगतो

मोल्सवर्थ हे नाव जगाच्या नकाशावर शोधलं तर वाटेल की ही माणसं लाखांनी असावीत. न्यूझीलंडची संसद वेलिंग्टनमधल्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर आहे. त्याच देशातलं सगळ्यात मोठं शेत, एक लाख ऐंशी हजार हेक्टरांचं, त्याचं नाव मोल्सवर्थ स्टेशन. कॉर्नवॉलमध्ये पेनकॅरोजवळच्या वेडब्रिज गावात मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, डब्लिन आणि रॉकडेलचे तर वर आलेच.

वेलिंग्टनचा रस्ता पेनकॅरोचे सर विल्यम मोल्सवर्थ यांच्या नावाचा. ते न्यूझीलंडमध्ये वसाहत वसवणाऱ्या कंपनीत होते, १८५५ साली ब्रिटनचे वसाहतमंत्री झाले आणि त्याच वर्षी वारले. न्यूझीलंडचं ते शेत मार्लबरो नावाच्या प्रांतात आहे. तो प्रांत ज्या ड्यूकच्या नावाचा, त्या मार्लबरोला १७०६ साली रामियीच्या लढाईत स्वतःचा घोडा देऊन वाचवणारा तरुण अधिकारी होता रिचर्ड मोल्सवर्थ, डब्लिनच्या शाखेचा, पुढे तिसरा व्हायकाउंट. दोन नावं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अशी शेजारी यावीत, याचं मला फार अप्रूप वाटलं. शोधाच्या दृष्टीने त्याला शून्य महत्त्व आहे, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

रस्त्यांना, शेतांना, खानावळींना नावं पडतात ती जमीन आणि पद असलेल्या थोड्या माणसांवरून. जमीनदार घराण्यात मुलगे कमी उरतात, थोरल्याला वारसा जातो, धाकटे फौजेत, चर्चमध्ये किंवा वसाहतींत पांगतात. कधी नावच जोडनाव होतं. पेनकॅरोची एक शाखा दुसऱ्या घराण्याचा वारसा मिळाल्यावर मोल्सवर्थ-सेंट ऑबिन झाली. याद्यांत असं घर कधी 'स'खाली लावलेलं असतं, मग 'म'खाली शोधणाऱ्याला ते दिसतच नाही. नकाशावर नाव ठळक आणि माणसं मोजकी, अशी या आडनावाची गत आहे.

गावाचा गोंगाट वेगळाच. दुसऱ्या महायुद्धात मोल्सवर्थजवळच्या विमानतळावर अमेरिकेचा ३०३वा बॉम्बर गट होता. १९८०च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, शांततावाद्यांनी छावणी टाकली आणि फेब्रुवारी १९८५मध्ये फौज आणून ती उठवण्यात आली. त्यामुळे वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत हे नाव शोधलं की विसाव्या शतकातले शेकडो निकाल विमानांचे आणि निदर्शनांचे येतात. मी १९१४ नंतरचं सगळं गाळूनच शोध लावायचे.

मोजदाद

आडनाव पसरलं कसं हे पाहायला इंग्लंडमध्ये साधनांची चैन आहे. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८ साली, प्रत्येक चर्चने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं नोंदवावीत असा हुकूम निघाला. सतराव्या शतकात चुलीवर कर होता, १६६२ ते १६८९. त्याच्या याद्यांत कुटुंबप्रमुखाचं नाव आणि घरातल्या चुली येतात, म्हणजे नाव आणि ऐपत एका ओळीत. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८३७पासून. १८४१पासूनच्या जनगणनांत माणसांची नावं जपली गेली आहेत आणि १८८१ची जनगणना स्वयंसेवकांनी पूर्ण उतरवून काढली. आडनावांचे बहुतेक नकाशे त्या एका वर्षावर उभे आहेत.

पण हे नकाशे सीमांवर अडखळतात, आणि आपलं गाव नेमकं सीमेवर. हंटिंगडनशर १९७४पासून केंब्रिजशरमध्ये मोडतो. हेल्पस्टन जुन्या कागदांत नॉर्थॅम्प्टनशरचं, आता तेही केंब्रिजशरमध्ये. एकोणिसाव्या शतकात सीमेवरची हंटिंगडनशरची काही खेडी नोंदणीसाठी नॉर्थॅम्प्टनशरमधल्या थ्रॅपस्टनला जोडलेली होती. म्हणजे माणूस जागचा न हलता तीन कागदांवर तीन जिल्ह्यांचा होऊ शकतो. म्हणून मी जिल्हे सोडून दिले आणि नुसती अंतरं मोजली. मोल्सवर्थच्या चर्चपासून किती किलोमीटर, एवढंच.

लेखनाचं तर विचारूच नये. मोल्सवर्थ, मोलेसवर्थ, मल्सवर्थ, मलेसवर्थ, मोल्सवुर्थ. आणि एक रूप असं, जे कुणी कधी उच्चारलंच नाही. अठराव्या शतकाच्या छपाईत शब्दाच्या मधला 'एस' लांब काढत, तो हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. यंत्राने वाचून घेतलेल्या जुन्या पुस्तकांत त्यामुळे हे घराणं 'मोलेफवर्थ' म्हणून बसलेलं असतं. हे लक्षात आलं त्या दिवशी मी तेच चुकीचं रूप टाकून पाहिलं, आणि पडद्यावर ओळीने डब्लिनचे व्हायकाउंट, त्यांचे भाऊ, त्यांची पत्रं! महिनाभर जे हाती लागत नव्हतं ते एका अक्षराच्या अडून समोर होतं. जुन्या इंग्रजी छपाईत कुणाचंही नाव शोधणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे, की नावात 'एस' असेल तर 'एफ' घालूनही एकदा पाहा.

जनुकांच्या कसोटीबद्दल थोडक्यात. वायगुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच जातं, त्यामुळे दोन्ही ताडून पाहता येतात. सन २०००मध्ये साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी झाली तेव्हा जवळपास निम्म्यांत एकच खूण सापडली. लेस्टर विद्यापीठात ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. आडनाव जितकं दुर्मीळ, तितकी एकाच पूर्वजाची शक्यता जास्त. गावनावावरून आलेल्या अ‍ॅटनबरो आडनावात बहुतेकांची खूण एकच निघाली, स्मिथसारख्या धंद्यावरून पडलेल्या नावात तसं काही नव्हतं. मोल्सवर्थचा खरा गुंता, हंटिंगडनशर आणि चेशर ही दोन मुळं एकाच लेखनात मिसळली आहेत का, याचा निकाल अशाच कसोटीने लागू शकतो. जमैकासाठी मात्र ती एकटी पुरत नाही. मळ्यांवरच्या जबरदस्तीतून झालेल्या मुलांतही बापाची खूण उतरते, आणि नुसत्या खुणेवरून ती हकीगत वाचता येत नाही.

मोलेसर

हिंदुस्थानात या आडनावाची दोन माणसं ठळक आहेत आणि ग्रंथालयांच्या याद्यांत ती एकमेकांत मिसळतात. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मी "मोल्सवर्थ आहे का?" विचारलं तेव्हा दुकानदाराने खिशात मावेल एवढं जाड पुस्तक काढून दिलं, आत नुसती सूत्रं आणि कोष्टकं. ते सर गिलफर्ड मोल्सवर्थ यांचं. रॉकडेलच्या त्या व्हिकारांचा मुलगा, आधी सिलोनच्या रेल्वेवर, मग भारत सरकारच्या रेल्वेचा सल्लागार अभियंता. त्याचं हे खिशातलं पुस्तक इंजिनिअरांच्या पिढ्यांनी वापरलं. हंटिंगडनशरचं खेडं, फॉदरिंगे, डब्लिन, लंडन, रॉकडेल आणि तिथून हिंदुस्थानची रेल्वे. एका आडनावाची अशी अख्खी वाट त्या दुकानदाराने नकळत माझ्या हातात ठेवली होती.

दुसरा आपला कोशकार. त्याच्या १८५७च्या आवृत्तीला जॉन विल्सन यांनी मराठी भाषेवर टिपण जोडलं आहे. मराठी शब्द आले कुठून आणि भाषा पसरली कुठवर, हाच त्याचा विषय. शब्दांबद्दल त्यांनी जे विचारलं ते मी त्यांच्या सहकाऱ्याच्या नावाबद्दल विचारत होते.

आणि मराठी तोंडांनी त्या नावाचं काय केलं, तेही या प्रवासातलं एक ठिकाणच आहे. चौदाव्या शतकातल्या इंग्रज कारकुनाने जे केलं तेच आपण केलं: ऐकलं तसं घेतलं, जड जाईल ते टाकलं. शेवटचा 'थ' गळला, 'वर्थ'चा 'अर' झाला, पुढे शास्त्री लागलं. मोलेसरशास्त्री. मूल राहिला, वाडी गेली आणि तिच्या जागी एक मराठी पदवी आली.

भाचीला मी हे सगळं तीन संध्याकाळी बसून सांगितलं. चेशरपाशी ती कंटाळली, मोलेफवर्थला खूश झाली, जमैकाला गप्प. शेवटी तिने एक पिवळी चिठ्ठी घेतली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि कोशाच्या पहिल्या पानावर, नावाच्या खाली चिकटवली. चिठ्ठीवर एकच शब्द आहे: 'मूलवाडीकर'. मी ती काढलेली नाही.